‘आपोआप’

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरला आहे. म्हणजे हजेरी, पीएफ, बसचे रूट आणि कॅन्टीनच्या पातळ डाळीची भांडणं. हँडबुकही, म्हणजे कामगारांच्या नियमांचं पुस्तक, माझ्याच गळ्यात.

२०१९ मध्ये प्रेसशॉपमधला एक मुलगा अकरा दिवस आला नाही. फोन बंद. हँडबुकात कलम होतंच: आठ दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपुष्टात येईल. आपोआप कसलं! पत्र मी टाइप केलं, मॅनेजरची सही मी घेतली, गेटचं कार्डही मीच बंद केलं. गावी पाठवलेलं रजिस्टर पाकीट ‘घर बंद’ शेरा घेऊन परत आलं. दोन दिवसांनी मुलगा गेटवर उभा. मुंडण केलेलं. सिक्युरिटी त्याला आत सोडेना.

वकिलांनी फोनवर एवढंच विचारलं, “चौकशी केलीत का?” मग १९९३ चा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. यादव निकाल ऐकवला. तिथेही स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, हेच आठ दिवस होते. न्यायालयाने सांगितलं, बाजू ऐकल्याशिवाय असं काढता येत नाही. कामगाराला परत घ्या, मागचा निम्मा पगारही द्या.

आमचं हँडबुक एका कन्सल्टंटकडून घेतलेलं. ही मंडळी लोगो बदलून तीच फाइल दहा ठिकाणी विकतात, आणि आपण पैसे वाचले म्हणून खूश. सगळं इंग्रजीत. शेवटच्या पानावर ‘वाचले, समजले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली त्या मुलाची मराठी सही.

त्याला परत घेतलं. मी हँडबुक काढून बसलो. बाळंतपणाची रजा बारा आठवडेच छापलेली, कायदा २०१७ मध्येच सव्वीसवर गेलेला! ते दुरुस्त केलं. गैरहजेरीचं कलम मात्र चार वेळा लिहिलं, मराठीत: सुपरवायझरचा निरोप, गावच्या आणि इथल्या खोलीच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पत्र, हजर व्हायला मुदत, मग आरोपपत्र, मग चौकशी. मॅनेजर म्हणाले, “आधी एका ओळीत होतं की.”

जॉइनिंग फॉर्मवर त्याच्या मामांचा नंबर होता. तो मी लावलाच नव्हता. नव्या कलमात सुपरवायझरचा निरोप अशाच नंबरवर जातो, ती पहिली पायरी आहे.