आमची वाटचाल: बारा कार्डं आणि एक सागवानी पेटी

कार्डाच्या पाठीवर काय छापायचं असतं, हे ज्याला कधीच कळलं नाही त्या माणसाने आमचा धंदा जवळजवळ बुडवला होता. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आम्ही नागपुरात धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी गोष्टींच्या चित्रपेट्या बनवतो. सागवानाची पेटी, पुढे दोन दारं, आत बारा कार्डं. सिस्टर पेटीमागे उभ्या राहतात, पोरं पुढे सतरंजीवर. पद्धत जपानची. कामिशिबाई म्हणतात तिला, म्हणजे कागदाचं नाटक. १९३० च्या दशकात तिथले गोळ्या-मिठाई विकणारे सायकलवर अशी पेटी बांधून गल्लोगल्ली गोष्टी सांगायचे. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे, चित्रं दाखवत कथा सांगणारे चित्रकथी याच जातीचे. एका फादरांनी तिकडून आणलेली पेटी मोडली होती, ती दुरुस्तीला माझ्याकडे आली आणि आठवडाभर मी ती परत केलीच नाही. बाबांचा गांधीबागेतला छापखाना तेव्हा बिलबुकं आणि लग्नपत्रिकांवर चालत होता.

आता पाठीचं. पहिल्या चित्राचा मजकूर बाराव्या कार्डाच्या पाठीवर असतो. पहिलं कार्ड बाजूला ओढून सगळ्यांच्या मागे सरकवलं की त्याची पाठ सांगणाऱ्यासमोर येते आणि तिच्यावर दुसऱ्या चित्राचा मजकूर असतो. प्लेट लावताना हा हिशोब चुकला तर अख्खा लॉट रद्दीत. मजकुरात आम्ही मध्येमध्ये लाल रेघ टाकतो. तिचा अर्थ, कार्ड इथवरच ओढा आणि थांबा.

ही रेघ कशासाठी, ते संत कतेरी तेकाकविथाच्या गोष्टीवरून सांगतो. ती उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक लोकांमधली मुलगी, जन्म १६५६ चा. देवीच्या साथीत आई-वडील गेले, ही वाचली, पण तोंडावर व्रण राहिले आणि नजर अधू झाली. तेकाकविथा म्हणजे चाचपडत, धडकत चालणारी. पहिल्या कार्डावर नुसतं गाव आहे. ते लाल रेघेपर्यंत ओढलं की मागच्या चित्रातला फक्त एक हात दिसतो, हवेत चाचपडणारा. पोरं हसतात. दर वेळी हसतात. सिस्टरांनी थांबायचं, हसू द्यायचं. मग कार्ड पूर्ण ओढायचं. व्रणांचा चेहरा समोर येतो आणि वर्ग आपोआप गप्प होतो. कोणी ‘हसू नका’ म्हणायची गरज पडत नाही.

तो चेहरा आमच्या पेंटर काकांचा. काका आधी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम गेलं. मी त्यांना म्हटलं होतं, काका, संत आहे, जरा गोड काढा. ते म्हणाले, “गोड काऊन काढू? देवीचे व्रण हायेत न तिले. पोट्ट्यायले दिसू दे.” पहिल्या तीन संचांचे पैसे काकांनी घेतले नाहीत. भागीदारीचा कागद आमच्यात आजही नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग एक गृहस्थ आले, कौतुक करून कतेरीचा एक संच घेऊन गेले. पावती माझ्याकडे आहे. चार महिन्यांत बाजारात त्यांची पेटी आली. चित्रं आमचीच, स्कॅन केलेली, काकांची सही खोडलेली. पेटी प्लायवूडची, किंमत निम्मी. चोरीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख पाठीचं. त्यांनी प्रत्येक चित्राचा मजकूर त्याच कार्डाच्या पाठीवर छापला होता. लाल रेघा तर नाहीतच, आणि शेवटी तेरावं कार्ड घातलं होतं, मोठ्या अक्षरांत ‘तात्पर्य’.

ती पेटी वापरणाऱ्या सिस्टरांच्या समोर कायम आधीच्या चित्राचा मजकूर यायचा. पानं उलटता उलटता वर्गाचा बाजार व्हायचा. दिसायला ती पेटी आमच्यासारखीच, त्यामुळे बोल आम्हाला लागला. एका मोठ्या शाळेने सांगून ठेवलेले ६० संच रद्द केले. तोंडी ऑर्डर होती, आगाऊ रक्कम मी घेतली नव्हती, आणि कार्डं छापून तयार होती. त्यातच मार्च २०२० आला आणि धर्मशिक्षणाचे वर्गच बंद पडले. कागदवाल्याची उधारी फेडायला बाबांचं छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात किलोवर विकलं. ते उचलून नेताना मी दुकानात थांबलो नाही.

त्या काळात एकच फोन नियमित यायचा, भंडाऱ्याकडच्या एका सिस्टरांचा. “भाऊ, बंद नका करू, मी दोन संच घेते.” त्यांचा वर्ग तेव्हा अंगणात, लांब लांब बसलेल्या सात-आठ पोरांचा. पैसे हप्त्याने दिले, पण एकही हप्ता चुकला नाही. पेटी एसटीत मांडीवर घेऊन जायच्या, टपावर टाकू द्यायच्या नाहीत. त्यांनीच कळवलं होतं, की कतेरीची गोष्ट संपल्यावर जाड भिंगाच्या चष्म्याची एक मुलगी मागे राहिली आणि त्या हाताच्या चित्रावर स्वतःचा हात ठेवून उभी राहिली. सिस्टर तिला काही बोलल्या नाहीत. घंटा झाली तशी ती गेली. तो निरोप मी कटिंग मशीनच्या वर चिकटवला आहे.

आम्हाला विचारतात, परक्या मुलखातल्या गोष्टी कशाला? पेरूच्या लिमा शहरातले संत मार्टिन डी पोरेस आणि सुदानमधून गुलाम म्हणून पळवलेली संत बखिता आपल्या पोरांना काय कळणार? पण येशूने दाखला दिला तोच मुळी शोमरोन्याचा, ऐकणाऱ्यांना न आवडणाऱ्या जमातीतल्या माणसाचा. जोसाफटच्या संचावर तर पालक भांडायला आले. महालात कोंडून ठेवलेला भारतीय राजपुत्र बाहेर पडतो आणि रोगी व म्हातारा बघून हलतो. ही बुद्धाचीच कथा, अरबी, जॉर्जियन, ग्रीक भाषांतून ख्रिस्ती जगात फिरली, आणि ‘बोधिसत्त्व’चा होता होता ‘जोसाफट’ झाला. दीक्षाभूमीच्या गावात ही गोष्ट सांगायची नाही तर कुठे? पालकांना फादरांनी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा २८ ऑक्टोबर १९६५ चा जाहीरनामा वाचून दाखवला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आणि छापखानेवाला म्हणून मी एवढंच जोडलं, की इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली आणि ती १६१६ साली राचोलला छापली. रोमन अक्षरांत छापली, पण बोली इथलीच ठेवली.

या कामात कोणी उतरणार असेल तर सांगून ठेवतो. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा, एका बाजूने केलं तर नागपूरच्या मे महिन्यात कार्डाची पन्हळ होते. मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मागच्या पोरांना चित्र दिसत नाही. पेटीत कार्ड सरकतं त्या खाचेला मेण लावा, तेल नको. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय प्लेट काढू नका, समोर कोणीही असो. आणि तात्पर्याचं कार्ड घालू नका. पोरगं दयेपर्यंत स्वतः पोचलं तर प्रार्थनेला हात जोडताना त्याला काहीतरी आठवतं. आपण ओढून नेलं तर नुसतं पाठ होतं.

ते प्लायवूडवाले संच अजूनही आमच्याकडे येतात, ‘भाऊ, हे नीट करून द्या’ म्हणून. बरोबर क्रमाची बारा चिकट लेबलं आम्ही छापून ठेवली आहेत. त्यांचे पैसे घेतो.

सध्या संत दामियनचा संच चालू आहे, भंडाऱ्याच्या सिस्टरांना तो उपवासकाळाआधी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांआधी, हवा आहे. बेल्जियमचे हे फादर १८७३ मध्ये हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, १८८९ मध्ये त्याच रोगाने गेले. एके दिवशी कढत पाण्यात पाय पडला आणि त्यांना भाजलंच नाही, तेव्हा त्यांना कळलं, की रोग आपल्यालाही झालाय. अर्ध्या ओढीला वाफेचं घमेलं, पूर्ण ओढीला त्यात पाय. काका तरुणपणी वरोऱ्याला आनंदवनात बोर्ड रंगवायला गेले होते, तिथली माणसं त्यांना आठवतात. पायाचं चित्र त्यांनी चार वेळा फाडलं. दुखत नाही हे पायावर दिसत नाही, म्हणतात, ते चेहऱ्यावरच काढावं लागेल. पाचवं प्रूफ उद्या निघेल.