ॲट्रिब्यूट ऑब्जेक्ट म्हणून वापरताना

जावास्क्रिप्टमधून एचटीएमएल एलिमेंटच्या ॲट्रिब्यूटची (टॅगमध्ये नाव आणि व्हॅल्यू अशा जोडीने लिहिलेल्या माहितीची) नुसती व्हॅल्यू वाचायची किंवा बदलायची असेल तर गेट-ॲट्रिब्यूट आणि सेट-ॲट्रिब्यूट पुरतात. त्यात स्ट्रिंग येते, स्ट्रिंग जाते. पण एखादा डिव्ह काढून त्या जागी सेक्शन बसवायचा आहे आणि त्याच्यावरचं सगळं जसंच्या तसं न्यायचं आहे, तेव्हा खरं काम ॲट्रिब्यूटच्या ऑब्जेक्टचं, म्हणजे ॲटर नोडचं.

हा नोड गेट-ॲट्रिब्यूट-नोडने मिळतो. ॲट्रिब्यूट नसेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही', येतं. नेम, व्हॅल्यू आणि ओनर-एलिमेंट या त्याच्या कामाच्या प्रॉपर्टी. व्हॅल्यू बदलली की एलिमेंटवर लगेच दिसते आणि म्युटेशन ऑब्झर्व्हरलाही (पानातले बदल टिपणाऱ्या ब्राउझरच्या सोयीलाही) कळते. नोड असला तरी तो एलिमेंटचं मूल नाही, त्यामुळे पॅरेंट-नोड कायम नल. कोणाचा आहे हे ओनर-एलिमेंटलाच विचारायचं.

एक ॲटर नोड एका वेळी एकाच एलिमेंटवर राहू शकतो. डिव्हवरचा नोड तसाच उचलून सेक्शनच्या सेट-ॲट्रिब्यूट-नोडला दिला तर इन-यूज-ॲट्रिब्यूट एरर येते. प्रत हवी असेल तर आधी क्लोन-नोड करा. हलवायचाच असेल तर रिमूव्ह-ॲट्रिब्यूट-नोडने सोडवून घ्या. मी क्लोनच सुचवेन, कारण मूळ एलिमेंट शाबूत राहतो. क्लोनचा आणखी एक मोठा फायदा: '@क्लिक' अशा धाटणीचं नाव एचटीएमएल पार्सर मुकाट्याने स्वीकारतो, पण जुन्या ब्राउझरांत तेच नाव सेट-ॲट्रिब्यूटला दिलं की इनव्हॅलिड-कॅरेक्टर एरर येते. क्लोन केलेल्या नोडच्या नावाची पुन्हा तपासणी होत नाही.

हलवताना लूपमध्ये गडबड होते. एलिमेंटची ॲट्रिब्यूट्स ही यादी लाइव्ह असते, म्हणजे एलिमेंटवरचा बदल तिच्यात लगेच उतरतो. शून्यापासून पुढे जात एकेक काढत गेलात की उरलेले एक घर मागे सरकतात आणि एकाआड एक सुटतो: चार असतील तर दोन तसेच राहतात. ॲरे-फ्रॉमने आधी साधा ॲरे करून घ्या, किंवा शेवटाकडून मागे या. या यादीवर फॉर-ऑफ चालतो, फॉर-ईच मात्र नाही.

व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलेला नोड शिळा कधी होतो, हेही पक्कं माहीत हवं. असलेल्या ॲट्रिब्यूटवर सेट-ॲट्रिब्यूट केलं तर तोच नोड राहतो, फक्त व्हॅल्यू बदलते. पण रिमूव्ह-ॲट्रिब्यूट करून परत सेट केलं तर नवा नोड तयार होतो, आणि तुमच्याकडचा जुना सुटा पडतो. त्याची व्हॅल्यू कितीही बदला, पानावर काही होत नाही, एररही येत नाही. अशी शंका आली की ओनर-एलिमेंट तपासा. नल असेल तर तो सुटलेला आहे. हेच उपयोगालाही येतं: रिक्वायर्डचा (फील्ड भरणं सक्तीचं करणाऱ्या ॲट्रिब्यूटचा) नोड तात्पुरता काढून ठेवा आणि नंतर तोच परत लावा.

एसव्हीजीत, म्हणजे पानात चित्रं काढायच्या टॅगांत, एक खाचखळगा आहे. एचटीएमएल डॉक्युमेंटमध्ये नवा ॲटर नोड बनवणारं क्रिएट-ॲट्रिब्यूट दिलेलं नाव सरसकट लहान इंग्रजी अक्षरांत करतं, मग नोड कुठेही लावायचा असो. व्ह्यूबॉक्स या ॲट्रिब्यूटच्या नावातला मोठा 'बी' लहान होतो, नोड लागतो, पण चित्रावर परिणाम शून्य. तिथे क्रिएट-ॲट्रिब्यूट-एनएस वापरून नेमस्पेसच्या जागी नल द्या. अक्षरं जशी लिहिली तशीच राहतात.

फॉर्मवर काम करत असाल तर आतल्या फील्डची नावं बघून घ्या. 'ॲट्रिब्यूट्स' नावाचा इनपुट असेल तर फॉर्मची ॲट्रिब्यूट्स प्रॉपर्टी यादीऐवजी तो इनपुटच हातात देते. अशा वेळी गेट-ॲट्रिब्यूट-नेम्सने नावं घ्यायची आणि एकेका नावावर गेट-ॲट्रिब्यूट-नोड चालवायचं.