समुद्रतळ खचत होता तेव्हा

समुद्राच्या तळाशी ठेवलेलं दाबमापक फार साधं काम करतं. आपल्या डोक्यावर किती पाणी आहे, तेवढं ते सांगतं. भरतीला रेघ चढते, ओहोटीला उतरते. सिएटलच्या प्रयोगशाळेत ही रेघ बघणं माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. २४ एप्रिल २०१५ च्या सकाळी भरती-ओहोटीचा हिशेब वजा केला, तरी ती चढतच होती. आदल्या रात्रीपासून दाब वाढत होता. पाणी वाढायला काही कारण नव्हतं, म्हणजे तळच खाली चालला होता.

हा अ‍ॅक्सियल ज्वालामुखी. अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर आत, माथा पाण्याखाली दीड किलोमीटर. २०११ च्या एप्रिलमध्ये तो फुटला, पण ते कळलं जुलैमध्ये, जहाज तिथे पोचल्यावर. त्यानंतर किनाऱ्यापासून थेट माथ्यापर्यंत केबल टाकली गेली आणि २०१४ च्या अखेरीपासून तिथल्या नोंदी घडतील तशा आमच्यापर्यंत येऊ लागल्या. बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी, खाली शिलारस साचून माथा किती फुगतोय त्यावरून, २०१५ मध्ये उद्रेक होईल असं आधीच सांगून ठेवलं होतं. तरीही प्रत्यक्ष होताना बघणं वेगळंच. माझे हात थरथरत होते.

भूकंपमापकांच्या नोंदी उघडल्या तर पडद्यावर मोकळी जागाच नव्हती. एका धक्क्याची थरथर विरायच्या आत पुढचा धक्का. त्या एका दिवसात जवळजवळ ८००० भूकंप मोजले गेले, बहुतेक अगदी लहान. ज्वालामुखीच्या पोटातल्या कोठीतला शिलारस भेगांमधून बाहेर पडत होता आणि आधार गेल्यामुळे वरचं छत बसत होतं. पुढच्या काही आठवड्यांत माथ्याचा मधला भाग २.४ मीटर खाली गेला.

त्याच नोंदींमध्ये आणखी एक प्रकार होता. छोटे, टोकदार ठोके. ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर पोचायला भूकंपलहरींपेक्षा बराच जास्त वेळ घेत होते. खडकातून लहर झपाट्याने जाते, पाण्यातून सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हे ठोके पाण्यातून येत होते. ताजा लाव्हा समुद्राच्या पाण्याला भिडत होता तिथले ते स्फोट होते. असे हजारो. वेळेतल्या फरकावरून जागा काढली तर बहुतेक उत्तरेकडच्या उतारावर पडत होत्या. जहाज निघायच्या आधीच लाव्हा कुठे सापडणार हे कळलं होतं, आणि मला अजूनही या कामातलं सगळ्यात मोठं नवल तेच वाटतं.

रात्री घरी साताऱ्याला फोन लावला. "अगं, मग तिकडे लाट-बिट नाही ना येणार? तू उंचावर राहतेस ना?" आईने पहिलं हेच विचारलं. किनाऱ्यावर कोणाला काही जाणवलंही नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. ज्या काळ्या खडकावर, बेसॉल्टवर, ती उभी होती तोही असाच लाव्हा गोठून झालेला, फक्त उघड्या जमिनीवर आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हे सांगितल्यावर मात्र ती थोडी गप्प झाली.

जुलैमध्ये जहाज गेलं. खाली सोडलेल्या यंत्राच्या दिव्यात काचेसारखा चमकणारा काळाकुळकुळीत नवा लाव्हा दिसला. उत्तरेला त्याचा थर काही ठिकाणी १२७ मीटरपर्यंत जाड होता.

माझा जीव अडकला होता तो माथ्यावरच्या उष्णजल-धुराड्यांमध्ये. तिथून ३०० अंशांच्या आसपासचं पाणी बाहेर पडतं, आणि हवेच्या दीडशेपट दाबामुळे ते त्या तापमानालाही उकळत नाही. त्यात विरघळलेल्या गंधकयुक्त वायूवर जिवाणू जगतात आणि जिवाणूंवर नळीकृमी, म्हणजे नळीत राहणारे लांब किडे. २०११ च्या लाव्ह्याने अशा काही जागा गाडून टाकल्या होत्या. या वेळी लाव्हा उत्तरेला वळला, मुख्य धुराडी वाचली. केबलही शाबूत राहिली, म्हणून उद्रेकानंतर माथा पुन्हा फुगायला लागला तोही आम्हाला पहिल्या दिवसापासून मोजता आला.