किर्गिझ आधी कानाने शिका

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, रशियनवर सहज भागतं. त्यामुळे किर्गिझ शिकायला घेतली की ‘कशाला एवढा खटाटोप?’ असं विचारणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. राजधानी सोडून नारीनच्या बाजूला गेलात की घरात, दुकानात, गाडीत किर्गिझच चालते, आणि ती ऐकायला फार गोड आहे.

तुर्की कुळातल्या किपचाक शाखेची ही भाषा, कझाकला अगदी जवळची. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून मराठी माणसाला वाक्याची घडण परकी वाटत नाही. लिंगभेद नाहीच, तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘अल’. मी खरी रमले ती स्वरांच्या मेळात. मूळ शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो. वडील ‘अता’, अनेकवचन ‘अतालार’. कुत्रा ‘इत’, मग ‘इत्तेर’. डोंगर ‘तोओ’, मग ‘तोओलोर’. शेजारच्या व्यंजनाचाही परिणाम होतो, आणि या एका प्रत्ययाची बारा रूपं होतात! तक्ता पाठ करत बसू नका. मोठ्याने बोलत राहा, हळूहळू चुकीचं रूप जिभेलाच खटकू लागतं.

लिपीचे मात्र फार हाल झाले. आधी अरबी, १९२० च्या दशकाअखेर लॅटिन, १९४० च्या सुमारास सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. एकाच घरातल्या आजोबांचं लिहिलेलं नातवाला वाचता येईना. चीनच्या शिनज्यांगमधले किर्गिझ अजूनही अरबी लिपीतच लिहितात. लॅटिन वर्णमाला घडवणारे, शाळांसाठी व्याकरण लिहिणारे कासिम तिनिस्तानोव यांना १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. त्याबद्दल वाचताना आजही संताप येतो. स्वतंत्र झाल्यावर देशाने त्यांचा चेहरा १० सोमच्या नोटेवर छापला.

एवढ्या उलथापालथीत भाषा तुटली नाही, याचं मोठं श्रेय मी मनासचींना देते. ‘मनास’ हे महाकाव्य तोंडपाठ गाणारे ते मनासची. सयाकबाई कारालायेव यांच्याकडून उतरवून घेतलेली संहिता सुमारे ५ लाख ओळींची आहे. त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रणंही आहेत. अर्थ कळला नाही तरी सुरुवात तिथूनच करा, स्वरांचा मेळ तिथे स्पष्ट ऐकू येतो. अक्षरांची काळजी नको. रशियन वर्णमालेपेक्षा तीनच जास्त आहेत.