प्रबंध आणि कादंबरी

अकरावीला विज्ञान शाखा घेतली नाही म्हणून घरात कुरबुर झाली. पुढे मानवशास्त्र निवडलं तेव्हा ते काय असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तेवढीही झाली नाही.

शाळेत शनिवारच्या सभेचा वृत्तांत मी लिहायचो. मराठीच्या बाईंची ताकीद असे, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही, तुझं मत खाली वेगळं. विद्यापीठात फील्डवर्क शिकवलं गेलं तेव्हा हीच ताकीद पुन्हा मिळाली. लोकांत राहायचं, त्यांची भाषा शिकायची, वंशावळी उतरवायच्या, दिवसभराचं त्याच रात्री टिपायचं. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर ही पद्धत घडवली. त्याची खासगी रोजनिशी तो गेल्यानंतर २५ वर्षांनी, १९६७ साली छापली गेली आणि तिच्यातला एकाकी, चिडका, त्याच लोकांवर खेकसणारा माणूस पाहून आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. प्रबंधात या माणसाला जागा नसते. मी कादंबरीकडे वळलो तो त्याच्यासाठी.

आपल्याकडे मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे ललित लिहीत, पण कादंबरीच्या वाटेला गेल्या नाहीत. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लॉरा बोहॅननने नायजेरियातल्या तीव लोकांमधला अनुभव १९५४ साली कादंबरी म्हणून छापला, तोही टोपणनावाने. अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन मात्र बिनधास्त! अमेरिकेत मानवशास्त्राचा पाया घालणाऱ्या बोआससारख्या गुरूकडे शिकून ती लहानपणीच्या गावी लोककथा गोळा करायला गेली आणि कादंबरीतही तिथल्या माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं. आमच्या बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

नोकरीत याचं कौतुक बेताचंच. बढतीच्या अर्जात कादंबऱ्या 'इतर' या रकान्यात जातात. खरी अडचण निराळीच आहे. प्रबंधात विधी समजावून सांगितला नाही तर परीक्षक अडवतात, कादंबरीत समजावत बसलं तर वाचक उठून जातो. शिवाय नावं बदलून भागत नाही. लहान वस्तीत कोण कोण ते सगळ्यांना कळतं. म्हणून विश्वासाने सांगितलेलं काही मी वेषांतर करूनही कथेत आणत नाही.

जिथे राहून काम केलं, तिथल्या एका आजींनी माझी कादंबरी नातवाकडून वाचून घेतली आणि विचारलं, "यातली ती म्हातारी मीच ना?" नाही म्हटल्यावर त्या चांगल्याच हिरमुसल्या.