मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही

बार्शीकडच्या आमच्या भागात सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे हे लहान पोरांनाही तोंडपाठ असतं. ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, त्यामागून पुष्याचा म्हातारा. यंदा वाहन कोल्हा की बेडूक, यावर पारावर चर्चा रंगते. पण 'नक्षत्र लागलं' म्हणजे वर आभाळात नेमकं काय झालं, असं विचारलं की जाणती माणसंही पंचांगाकडे बोट दाखवतात. आठवीला भूगोल शिकवताना ही गोष्ट मला कायम खुपते. माहिती घरात आहे, आभाळ डोक्यावर आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

बारा राशींचं चक्र कागदावर काढून दाखवलं की मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. म्हणून त्या वर्षी दत्तजयंतीच्या सकाळी वर्ग मैदानावर नेला. दुपारनंतर निम्मा वर्ग जत्रेला पांगणार हे ठरलेलंच होतं. खुंटीला दोरी बांधून फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं. मध्ये स्टुलावर पिवळी बादली, तो सूर्य. कडेवर बारा मुलं, प्रत्येकाच्या हातात जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली एकेक रास. वृश्चिक आणि धनूच्या मध्ये एक उंच मुलगा तेरावा उभा केला, भुजंगधारी. हे नाव राशींच्या यादीत नाही, पण आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं तारकासमूहांच्या ज्या हद्दी ठरवल्या आहेत त्यांप्रमाणे सूर्य साधारण ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर त्याच्याच हद्दीत असतो. वृश्चिकेच्या वाट्याला जेमतेम आठवडा येतो आणि कन्येला दीड महिना. राशींचे बारा भाग सारखे आहेत ते मोजणीच्या सोयीसाठी. तारे काही असे सारखे वाटून बसलेले नाहीत. हे मुलांना एकदा कळलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

एका मुलाची शंका लगेच आली. "बाई, माझा वाढदिवस एप्रिलात, मग माझी रास कर्क कशी?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे जन्माची रास चंद्रावरून धरतात, आणि चंद्र महिन्याभरात सगळ्या राशी फिरून येतो. आम्ही सूर्याच्या मागे होतो, म्हणून ते तेवढ्यावरच सोडलं.

पृथ्वी झाली होती एक अबोल मुलगी. ती बादलीभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं चालायला लागली. जूनच्या खुणेवर थांबवून मी विचारलं, "बादलीकडे बघ. तिच्या मागे कोण?"

"वृषभ."

"दिसतोय?"

ती थोडी थांबली. "बादली खरंच सूर्य असेल तर नाही दिसणार. डोळे दिपतील."

"आता पाठ फिरव. मध्यरात्र झाली. समोर कोण?"

"वृश्चिक."

कडेवरची मुलं आपसूक गप्प झाली. जूनच्या सुरुवातीला सूर्य वृषभाच्या शिंगांकडे सरकत असतो, मृगाचे तारे त्याच्याच खालच्या अंगाला असतात आणि त्याच्याबरोबर उगवून त्याच्याबरोबर मावळतात. म्हणजे ज्या नक्षत्राच्या नावानं अख्खं गाव पेरणीची तयारी करतं, ते त्या दिवसांत कुणालाच दिसत नाही. दिसतं ते त्याच्या समोरचं, ज्येष्ठा आणि मूळ. मृग नजरेला पडतो तो थंडीत, रात्रीच्या आभाळात.

मग आकडे मांडले. नक्षत्रं २७, वर्षाचे दिवस ३६५. भागाकार साडेतेराच्या आसपास आला आणि पाऊस नक्षत्रं तेरा-चौदा दिवसांनी का बदलतात ते आपोआप उलगडलं. सूर्य ताऱ्यांमधून रोज सुमारे एक अंश पुढे जातो. त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे दिवसाला स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट. खरं तर चालते आपण, सरकलेला दिसतो तो. हे पृथ्वी झालेल्या मुलीला सांगावं लागलं नाही. तिचे पाय दुखत होते.

त्याच मुलीनं जाता जाता विचारलं, "पण बाई, सूर्याच्या मागचं दिसतच नाही, तर तो मृगात आहे हे पहिल्यांदा कळलं कसं?"

इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर देण्याचा मोह झाला, पण आवरला. त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा होती. मी एवढंच म्हटलं, "आज रात्री चंद्र कुठे आहे ते बघ. शेजारचे तारे बघ. आणि जागी असलीस तर बाराच्या पुढे आपली सावली बघ."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत ती माझ्याजवळ उभी. आजीबरोबर भजनाला देवळात थांबली होती. सूर्य मावळला आणि इकडे जन्मकाळाचा गुलाल उडत असताना तिकडे चंद्र वर आला, मृगाच्या ताऱ्यांच्या आसपासच. मध्यरात्री भजन चालू असताना ती अंगणात आली. "बाई, सावली पायात होती. जी थोडी होती ती दक्षिणेला." मग एका दमात म्हणाली, "जूनमध्ये दुपारी अशीच असते. म्हणजे काल चंद्र जिथं होता, जूनला सूर्य तिथंच असतो."

मी तिला वर्गासमोर उभं केलं आणि पुन्हा सांगायला लावलं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. चंद्राशेजारचे तारे दिसतात, त्यांच्या समोरचे तारे मनात मांडायचे, तिथे सूर्य. आदल्या दिवशी सूर्य ज्येष्ठा नक्षत्रात होता, पंचांगही तेच सांगत होतं. पण तिला ते पंचांग न उघडता सापडलं होतं. पूर्वीच्या लोकांनी सूर्याची वाट शोधली ती अशीच, रात्रीच्या आभाळावरून आणि पहाटे सूर्याच्या आधी कुठला तारा उगवतो हे बघून. आर्द्रा-मृगाचं ज्ञान आपल्याकडे आलं ते कुणाच्या तरी अशा जागरणांतून, असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते नुसतं पाठ करून घेणं मला पटत नाही.

मग वर्ग सुटला तो महिन्यांच्या नावांवर. चैत्राची पौर्णिमा चित्रेजवळ, म्हणजे सूर्य पलीकडे अश्विनी-रेवतीकडे. कार्तिकाची कृत्तिकेजवळ, म्हणजे सूर्य विशाखेकडे. चंद्राचा वेग सारखा नसतो आणि अधिक महिनाही मध्ये येतो, त्यामुळे कधी एखाद्या नक्षत्राचा फरक पडतो, तेही सांगितलं. तरी फळ्यावर बाराही महिने मुलांनीच भरले. मी फक्त खडू दिला.

ज्येष्ठाच्या ओळीशी आल्यावर मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "वटपौर्णिमेला सगळं उलटं होणार!" त्यानं मांडलेला हिशेब असा: तेव्हा सूर्य रोहिणी-मृगाकडे, चंद्र ज्येष्ठेजवळ. म्हणजे चंद्र डिसेंबरातल्या सूर्यासारखा दक्षिणेला कलून जाणार आणि मध्यरात्री सावली जवळजवळ माणसाएवढी पडणार, उत्तरेला.

बरोबर होतं. जूनमध्ये आभाळ मोकळं मिळेल की नाही, हा एकच प्रश्न राहिला. तेव्हा ही मुलं नववीला जाणार, वर्ग माझा नसणार, म्हणून वहीत तारीख आणि वेळ लिहून घ्यायला सांगितलं आणि सावली मोजायला टेप कुणाच्या घरी आहे ते विचारलं. गवंडीकाम करणाऱ्यांच्या तीन घरची पोरं हात वर करून उभी राहिली.