तुम्ही विचारलंत म्हणून: ती रायफल अजून घरात का?

प्रश्न दोन बाजूंनी येतो. इथे अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये आपल्या मंडळात, गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना: "अगं, ती तुझ्याकडे अजून आहे? बंदी आली ना?" आणि शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर, कानावरचे इअरमफ उतरवता उतरवता: "तू नोंदवलीस म्हणे? कशाला?" तुमच्या लेखी मी बंदूकवेडी, त्यांच्या लेखी फितूर. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहिते, म्हणजे पुढच्या गणपतीला निदान मोदकांवर बोलू.

सोपं ते आधी. मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि पहिल्याच दिवशी कळलं, श्वास अर्धा सोडून थांबायचं असतं. त्या थांबण्यात डोक्यातला सगळा गलका बंद होतो. आमच्या गावची नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा मंडळात मीच पेढे वाटले होते आणि तुम्ही ते खाल्ले होते. तिच्या हातात रायफल म्हणजे कोल्हापूरचं नाव, माझ्या हातात म्हणजे "काय हे अमेरिकन खूळ". हो, तिची रायफल वेगळी आणि माझी अर्धस्वयंचलित एआर-१५ वेगळी, ठाऊक आहे. ती मी २०१८ मध्ये घेतली, कारण क्लबातल्या सामन्यांना तीच लागायची. शिवाय ती खांद्याला लावली की फार छान वाटते. हे लिहिताना लाज वाटावी की नाही, ते अजून ठरत नाही.

"विकून टाक" म्हणणाऱ्यांना मी सांगते की कायदाच विकू देत नाही. हे अर्धं खरं. इलिनॉयमधल्या कुणा ओळखीच्याला विकता येत नाही, पण परवानाधारक दुकानदाराला देता येते. हा अर्धा भाग मी गाळत आले.

१० जानेवारी २०२३ ला असल्या रायफलींवरच्या बंदीच्या कायद्यावर इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर यांची सही झाली. नवी विक्री बंद, आणि ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी १ जानेवारी २०२४ च्या आत राज्य पोलिसांकडे नोंदवायची. निमित्त शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधल्या गोळीबाराचं: ४ जुलै २०२२ ची स्वातंत्र्यदिनाची परेड, ८० हून अधिक गोळ्या, ७ माणसं गेली. रेंजवर उत्तर तयारच होतं: त्या गावात असल्या रायफलींवर २०१३ पासून बंदी होती, काय उपयोग झाला? मीही तेच बोलत होते, आणि चांगल्या मोठ्या आवाजात. मग पेपरात आलं की हल्लेखोर १९ वर्षांचा असताना, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याच्या फॉइड कार्डाच्या अर्जावर बापाने सही केली होती. २१ च्या आतल्या पोराला बंदूक बाळगायचं कार्ड हवं तर आईची किंवा बापाची सही लागते. त्याआधी काहीच महिने पोलिसांनी त्याच घरातून सोळा चाकू उचलून नेले होते.

त्या दिवसापासून मी रेंजवर गप्प झाले. २०१९ च्या उन्हाळ्यात तशीच सही मीही केली होती. माझ्या मुलासाठी.

तो १८ चा होता, माझ्याबरोबर रेंजवर यायचा. पोराच्या हातून बंदुकीने काही नुकसान झालं तर जबाबदार तुम्ही, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. मी ते वाचलंसुद्धा. वाचून, शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर करतात तशी सही केली.

२०२१ चा फेब्रुवारी. कॉलेज ऑनलाइन, पोरगं घरी, बोलणं "हं" वर आलेलं. दुपारी तीनला उठायचा. ताट दाराबाहेर ठेवायचं आणि तासाभराने तसंच उचलायचं. कोविड आहे, सगळ्यांचीच पोरं अशी झालीत, असं मी आईला फोनवर सांगत होते. त्या रात्री पाणी प्यायला उठले तर तळघरात दिवा. तो बंदुकांच्या तिजोरीसमोर फरशीवर मांडी घालून बसला होता, देवघरापुढे बसावं तसा. तिजोरी बंद होती.

"काय करतोयस रे?"

"काही नाही."

"कोड माहीत आहे तुला?"

"आई, माझी बर्थडेट आहे ना कोड."

त्याला वर नेलं. दूध गरम करून दिलं, ते तो प्यायला. नवरा त्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला. मी खाली गेले, रायफल आणि दोन्ही पिस्तुलं रिकामी आहेत ना ते दोनदा पाहिलं, पेट्यांत घातली आणि डिकीत ठेवली. बाहेर गुडघाभर बर्फ. गाडी सुरू केल्यावर लक्षात आलं, कुठे न्यायचं ते ठरवलेलंच नाही. पोलीस चौकीत जायचा धीर होईना. शेवटी क्लबातल्या त्या म्हाताऱ्याला फोन केला, तोच, ज्याच्या टोपीवर झेंडे आणि घोषणा असतात, आणि मंडळात तुम्ही माझ्याकडून ज्याच्या नकला करून घेता. पहाटे अडीचला तो गॅरेजचं दार उघडून पायजम्यात उभा होता. "का" असं त्याने विचारलं नाही. हवं तेव्हा ने, नको असेल तर नेऊ नकोस, एवढंच म्हणाला. आपली बंदूक कुणाच्या हाती देताना त्याचं फॉइड तपासायचं असतं. मी तपासलं नाही.

२०१९ पासून इलिनॉयमध्ये अशा वेळेसाठी कायदा आहे. घरच्या माणसाने कोर्टात अर्ज केला की धोक्यातल्या माणसाला बंदुकीपासून लांब ठेवायचा हुकूम निघू शकतो. मी अर्ज केला नाही. विषय निघाला की "तशी गरज पडली नाही" म्हणते. पडली होती. मला दारात पोलिसांची गाडी नको होती. आमच्या सावळ्या पोरावर टॉर्च रोखलेला पोलीस नको होता. त्याच्या नावाचा कागद नको होता. आणि मंडळात कळायला नको होतं. हे शेवटचं खरं तर पहिलं लिहायला हवं होतं.

पुढे डॉक्टर, गोळ्या, दर मंगळवारी समुपदेशन. दीड वर्ष. मुलगा आता बरा आहे. हे त्याला वाचून दाखवलं, त्याने एक ओळ काढायला लावली, बाकी राहू दे म्हणाला.

तो शिकागोत खोली घेऊन राहायला गेला आणि महिन्याभराने मी त्या गॅरेजात गेले. पिस्तुलं म्हाताऱ्यालाच रीतसर विकली, रायफल आणली, कोड बदलला. हे उलटं वाटतं ना? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. आणि त्यांत पिस्तूलच पुढे असतं. कायद्याने मला रायफलची मूठ कशी आहे ते विचारलं, मॅगझिनमध्ये दहाच्या वर गोळ्या नकोत म्हणून सांगितलं. तिजोरीचा कोड काय ठेवलाय, ते नाही विचारलं.

पण असं म्हणताना मला २०१९ मधली मीच ऐकू येते. ती बाई म्हणायची, जबाबदार माणसाला कायदा कशाला? जबाबदार माणूस म्हणजे ती, आणि कोड म्हणजे पोराची जन्मतारीख. शिवाय हा आकड्यांचा हिशोब मी परेडमध्ये माणूस गमावलेल्या कुणापुढे मांडेन का? नाही मांडणार. मग तुमच्यापुढे का मांडते?

नोंदवली ३० डिसेंबर २०२३ च्या रात्री. सुमारे २४ लाख फॉइडधारकांतल्या ३० हजारांहूनही कमी लोकांनी मुदतीत काही नोंदवलं होतं, त्यातली मी एक. रेंजवाल्यांनो, तत्त्वबित्त्व काही नाही. माझ्या नावाच्या एका सहीची भीती बसली होती, म्हणून दुसरी केली. म्हातारा मुळीच नोंदवणार नाही म्हणत होता. पुढे त्याने काय केलं ते मी विचारलेलं नाही. त्याने तरी मला कुठे विचारलं होतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश मॅकग्लिन यांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. रेंजवर केक कापला गेला. महिन्याभरात अपील कोर्टाची स्थगिती आली. आनंद झाला का, असं तेव्हा तुमच्यातल्या दोघींनी विचारलं होतं. मी केक खाल्ला.

मुलाचं कार्ड २०२९ पर्यंत चालतं. परवा फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पुढे नवं करणार का?

"बघू," तो म्हणाला. "या वेळी तुझी सही लागत नाही, आई."